लहानूभाऊच्या हातची भाजी

आर्वीकडच्या कुठल्याही गावात रोडग्यांचं जेवण निघालं की पहिला प्रश्न एकच: भाजीला कोण? लहानूभाऊ आहे म्हटलं, की ज्याला काल ताप होता तोही पंगतीला हजर. रोडग्यांचं काय घेऊन बसलात, गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे टाकले की कोणीही भाजतो. पण त्याच्यासोबतची वांग्याची भाजी! तिथं लहानूभाऊच पाहिजे. चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढला की हा माणूस पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून उभा राहायचा, अन् मग देवळासमोर त्याचंच राज्य. "हात नोको लावू रे! वांगं हाये ते, दगड नाई!" तेल कमी आलं म्हणून त्यानं एकदा सरपंचालाच झापलं होतं. सरपंच निमूट गाडीवर बसून गेला अन् तेल घेऊन आला.

भाजी झाली की वाढायलाही तोच. एका हातात बादली, एका हातात डाव. कोणाला तर्री जास्त लागते, कोणाला फोडी, कोणाला म्हातारपणी तिखट सोसत नाही, सगळं तोंडपाठ. शेवटी बायांची पंगत. तिथं बायकोच्या, नलूताईच्या, पत्रावळीपुढं आला की मुद्दाम थांबायचा, एक डाव जास्तीचा टाकायचा अन् चार बायांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "खाय वं, घरच्या मानसाले कमी नोको." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. लहानूभाऊला वाटायचं, कौतुकानं हसतात.

घरात मात्र, आता खोटं कशाला बोला, घरात ह्या गड्यानं कधी पाण्याचा गिलास आपल्या हातानं भरून घेतला नव्हता. ताट समोर आलं की जेवायचं, हात धुवायचे अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. बायको मागून कधी जेवते, काय जेवते, बसून की उभ्यानं, ह्याचा त्याला पत्ता नव्हता. वाईट माणूस नव्हता हो तो. दारू नाही, मारझोड नाही. अशी घरं गावात पुष्कळ आहेत.

यंदा होळीच्या तोंडावर नलूताई न्हाणीत घसरली अन् उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरनं प्लास्टर घातलं, गोळ्या दिल्या. मुलगी मोहिनी नागपूरला दिलेली, तिच्या पोराची परीक्षा आलेली. येता येत नाही म्हणून ती फोनवर रडायलाच लागली. लहानूभाऊनं नलूताईच्या हातून फोन हिसकला.

"काऊन रडून राह्यली? दोनशे मानसाले जेवू घालतो मी. तुह्या मायचं पोट कितीक असते?"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वारी पिशवी घेऊन बाजारात. कोवळी, काटेरी देठांची वांगी निवडून आणली. गॅसच्या एवढ्याशा शेगडीला शिव्या घातल्या, नलूताईच्या कढईला भातुकलीतली म्हणाला, अन् दोघांच्या घरात बारा माणसं जेवतील एवढी भाजी करून ठेवली. वास असा की विचारता सोय नाही. मग नलूताईला समोर बसवलं, ताट वाढलं अन् स्वतः डाव घेऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"तुमी जेवून घ्या ना पयले," ती म्हणाली.

"मी हावो ना उभा. खाय तू. पाय कशी झाली."

आता एवढा माणूस डोक्यावर उभा म्हटल्यावर ती काय करणार? डाव्या हातानं सांडत-लवंडत घास तोंडात घातला. मग दुसरा.

"कशी हाये?"

"चांगली हाये."

"मंग घे ना आखीन!"

असं करत करत त्यानं तिच्याकडून ताट साफ करवून घेतलं. मनात म्हणाला, बिचारीला इतक्या वर्षांत असं बसवून कोणी वाढलंच नसेल. त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

सकाळी उठून पाहतो तर नलूताईचे ओठ सुजलेले, गळ्यावर लाल चट्टे, आवाज बसलेला. लहानूभाऊनं सरळ डॉक्टरवरच घेतलं. "गोया देल्ल्या का जहर देल्लं त्यानं!" गोळ्या उचलून फळीवर ठेवून दिल्या. अन् दुपारी तीच भाजी गरम करून पुन्हा तिच्यापुढं ठेवली. वांग्याची भाजी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, हे काय त्याला कोणी शिकवायचं!

शेजारची मीराबाई नलूताईची वेणी घालून द्यायला आली होती. तिनं ताट पाहिलं, नलूताईचे ओठ पाहिले अन् ताट उचलून बाजूला सरकवलं.

"लहानूभाऊ, मारता का तिले?"

"का झालं?"

"वांगं चालत नाई तिले!"

"कोनाले?"

"अवो, तुमच्या बायकोले! वांगं खाल्लं का सुजते ती. साऱ्या गावच्या बायाईले मालूम हाये. रोडग्याले माह्याच बाजूले काऊन बसते मंग? तुमी पाठ केली का सारी भाजी माह्या पत्रावळीत. अन् तुमी तिलेच एक डाव जास्तीचा वाढता! हासावं का रडावं मानसानं?"

पदराआडच्या त्या हसण्याचा अर्थ लहानूभाऊला आता लागला. कान गरम झाले. अन् शरमलेला माणूस आधी ओरडतो, तसा तोही ओरडला.

"काऊन नाई सांगतलं वं मले? तोंड नोहोतं का तुले?"

नलूताई खाली बघत होती. बसक्या आवाजात म्हणाली, "सांगतलं होतं."

"कधी?"

"लग्नाच्या वर्षी. रोडगेच होते. मी म्हनलं, मले वांगं सोसत नाई. तुमी हासले. सगळ्याईसमोर म्हनले, राजाची पोर हाये का ही? वाढा इले दोन डाव. अन् तुमीच वाढलं."

"अन् तू?"

"खाल्लं."

मीराबाईनं फणी तिथंच ठेवली अन् घरी निघून गेली.

लहानूभाऊला काही केल्या ते आठवेना. कुठलं देऊळ, कोण कोण होतं, नवी नवरी काय नेसली होती, काही म्हणता काही नाही. आठवलं असतं तर निदान, तरणा होतो, बोलून गेलो, असं तरी म्हणता आलं असतं. ज्या बोलण्यानं बायकोचं तोंड जन्माचं मिटलं, ते त्याच्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं. त्याला लाज वाटली. भर बाजारात कोणी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तशी लाज वाटली. उरलेली भाजी त्यानं उकिरड्यावर नेऊन ओतली, तीही कोणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहत, चोरासारखी.

नंतर तो चौकाकडं फिरकलाच नाही. नळावर बाया दिसल्या की दुसऱ्या गल्लीनं जायचा. देवळाच्या मंडळातला मुकेश विचारायला आला, "काका, हनुमान जयंतीले रोडगे हायेत, वांगे कितीक आनू?" त्याच्यावर खेकसला, "मले काय पुसतं? जाय तिकडं!" मुकेशनं काकाला ऊन लागलं म्हणून गावभर सांगितलं.

घरात आता वरण-भात, मुगाची खिचडी, कधी पोळीचा प्रयत्न. नलूताई खायची अन् "चांगलं झालं" म्हणायची. पण त्या चांगल्यावर आता भरवसा कसा ठेवायचा? नासलेलं वाढलं असतं तरी ती चांगलंच म्हणाली असती. लहानूभाऊला एकच ध्यास लागला. हिला आवडतं असं काहीतरी एकदा आपल्या हातानं खाऊ घालायचं. पण हिला आवडतं काय? भाजीतलं मीठ वासावरून सांगणारा माणूस, अन् एवढं त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन मोहिनीला फोन लावला.

"बाई, तुह्या आईले खायाले काय आवडते वं?"

"आईले?" मोहिनी गोंधळली. "बाबा, आई त सगळ्याईच्या मागून खाते. जे उरलं ते." मग तिचाही आवाज उतरला. "मी कधी पुसलंच नाई तिले."

मग त्यानं खुद्द नलूताईलाच विचारलं. ती म्हणाली, "मले? कायबी चालते."

"चालते नोको सांगू. आवडते काय?"

ती घाबरली. खरंच सांगतो, घाबरली. मास्तरनं उभं केलेल्या पोरीसारखी भांड्यांच्या फळीकडं पाहत राहिली. "आता सुचूनच नाई राह्यलं," म्हणाली. मग त्याचीच समजूत काढल्यासारखं बोलायला लागली, "तुमाले गोळ्याची आमटी आवडते. मोहिनीले शेवया. तुमच्या मायले दुधात कुस्करलेली भाकर लागे." सगळ्यांचं सांगून झालं. स्वतःचं काही आलं नाही. "आठोलं का सांगीन ना," ती म्हणाली.

राहता राहिला कारंजा. नलूताईचा थोरला भाऊ बबनराव कारंजा घाडग्याला असतो. आता साळ्याला फोन करून, तुमच्या बहिणीला काय आवडतं हो, असं विचारायचं म्हणजे जवायाच्या अब्रूचा पंचनामाच. लहानूभाऊनं आधी उन्हाचं बोलून घेतलं, संत्र्यांचं बोलून घेतलं, अन् मग आवाज बारीक करून विचारलं.

बबनराव खदखदून हसला. "नलू? कण्या, जवाईबुवा! ज्वारीच्या कण्या रांधे आमची माय. अन् कण्याबी नाई, त्याची खरवड पाहिजे तिले. बुडाले लागलेली, लाल. लय भांडे आमच्यासंगं. एकडाव माह्या हातालेच चावली! काऊन, तिकडं नाई केल्या का तिनं कधी?"

केल्या होत्या. हे मात्र लहानूभाऊला लख्ख आठवलं. ज्वारी भरडून भातासारख्या शिजवलेल्या कण्या तिनं त्याच्यापुढं ठेवल्या होत्या, अन् तो म्हणाला होता, गहू-तांदूळ हाये घरात, माह्या घरी हे गरिबाचं नोको रांधू. त्यानंतर त्या घरात कण्या शिजल्या नव्हत्या.

"कामात राह्यते ना ती," लहानूभाऊ म्हणाला अन् फोन ठेवला.

त्यानं ज्वारी मिक्सरमधून भरड काढली, पाखडली, कण्या गॅसवर चढवल्या. पण सवय वाईट. गंज बुडाला लागला म्हणजे आचाऱ्याचं नाक कापलं, हे त्याच्या हातात भिनलेलं. हात आपला ढवळतोच आहे. कण्या झाल्या मऊसूत, बुडाला कणही लागला नाही. नलूताईनं ताटाकडं पाहिलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती हळूच भांड्यात डोकावली. "चांगल्या झाल्या," ती म्हणाली. पण ती डोकावली ते लहानूभाऊनं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कण्या चढवून त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले अन् पाटावर बसून राहिला. आधी खमंग वास आला, मग करपल्याचा. त्याचा जीव नुसता वर-खाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून मीराबाई ओरडली, "लहानूभाऊ, काईतरी लागलं वो तुमचं! अन् तुमच्या हातानं?"

"हो, लागलं," तो ओरडून म्हणाला. "म्याच लागू देल्लं."

गॅस बंद करून वरच्या कण्या काढल्या अन् बुडाला लाल खरवड धरलेलं ते भांडं, उलथन्यासकट, नलूताईपुढं ठेवलं. तिनं आत पाहिलं. भांडं दोन्ही पायांत धरलं, प्लास्टरच्या हातानं दाबलं अन् डाव्या हातानं खर्र खर्र खरवडायला लागली. एक पापुद्रा निघाला, तोंडात गेला. मग दुसरा. ती 'चांगलं' म्हणाली नाही. 'तुमी जेवले का' म्हणाली नाही. लहानूभाऊ समोर रिकामं ताट घेऊन बसला होता, ते तिच्या गावीही नव्हतं. बोटं चाटत होती, डोळे अर्धे मिटत होती. त्यानं तिला असं खाताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला, अन् बघायलाही लाज वाटली.

भांडं लख्ख झाल्यावर तिनं मान वर केली. समोर तो, त्याचं कोरडं ताट. तिचा चेहरा एकदम पडला.

"अगं माय! तुमाले ठेवलंच नाई. एकटीच खात बसली मी." घाईघाईनं ती पुन्हा उलथनं घेऊन बूड खरवडायला लागली, त्याच्यापुरतं काही निघतं का म्हणून. काहीच नव्हतं. "कशी खादाड मी. लाजबी नाई वाटली मले."

लहानूभाऊला वाटलं, धरणी दुभंगावी अन् आपल्याला पोटात घ्यावं. जन्मात एकदा बाई मनासारखं जेवली, अन् लाज तिलाच वाटत होती. त्याला चुकलो म्हणायचं होतं.

"उद्या आखीन लावतो," एवढंच म्हणाला. तिच्या हातून भांडं घेतलं अन् मोरीत जाऊन, तिच्याकडं पाठ करून, घासत बसला.

"राहू द्या ना," ती मागून म्हणत होती. "तुमी कायले घासता? मीराबाईले सांगीन मी."

भांडं कधीचं स्वच्छ निघालं होतं. तरी तो घासतच राहिला.