आबांचं न जमलेलं मेण

भानुदासआबांच्या घरी मी भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला ना नाव विचारलं ना गाव. डब्यातलं पिवळसर काहीतरी काडीने उचललं, माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि म्हणाले, "बाई, घासून बघा. ओशट लागतंय का कोरडं?" बदलीवर आलेल्या शिक्षिकेने अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते आम्हाला डी.एड.ला शिकवलेलं नव्हतं. मी आपलं "ओशट" म्हणून टाकलं. आबांचा चेहरा खुलला. "मंग अजून न्हाई जमलं," असं म्हणत त्यांनी डबा पुन्हा चुलीवर चढवला.

ते बंदुकीच्या गोळीचं मेण होतं. पाथर्डीच्या बाजूच्या त्या गावात परवान्याची बंदूक एकट्या आबांकडे होती, पीक राखण्यासाठी वडिलांकडून आलेली, जुनी ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग शिशाची गोळी मेणात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने आत ठासायची. गोळ्याही ते घरीच ओतायचे. मेण नसेल तर गोळी अडखळते आणि नळी खराब होते, हे मला आठवडाभरात पाठ झालं, कारण आबा दुसऱ्या विषयावर बोलतच नसत.

मोहोळाचं मेण, त्यात एरंडेल आणि घट्टपणासाठी थोडी मेणबत्ती. डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून हे सगळं संथ आचेवर वितळवायचं. "मेनाला थेट जाळ दावायचा न्हाई बाई, त्याला राग येतो," असं ते मला सांगत, जणू मी रोज मेणाला जाळ दाखवत होते. जुनी माणसं एरंडेलाऐवजी चरबी घालत. पण आबा माळकरी. "गळ्यात माळ हाय. चरबीला हात लावायचा न्हाई."

"आणि डुकराला गोळी घालायची?" मी एकदा न राहवून विचारलं.

आबांनी डब्यात काडी फिरवली. "ते मेन जमल्यावर बघू," ते म्हणाले.

मेण काही जमत नव्हतं. उन्हाळ्यात पातळ व्हायचं, थंडीत दगड व्हायचं, पावसाळ्यात आबांना त्याचा वासच पटायचा नाही. शिवाय निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीच्या गावांतले बंदूकवाले नोटीस येईपर्यंत थांबत. आबा मात्र बातमी ऐकली की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बंदूक गोधडीत गुंडाळून निघत. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, काही ना काही असायचंच. इतक्या आनंदाने आचारसंहिता पाळणारा दुसरा नागरिक मी पाहिलेला नाही.

त्यांच्या पत्नी गयाकाकूंचा या सगळ्यावर एकच आक्षेप होता. "माजी तीन पातेली खाल्ली ह्या मेनानं. आता आमटी केली तरी मोहोळाचा वास येतो." पण मेण वाया जायचं नाही. न जमलेलं मेण काकू डब्यांत भरून ठेवत आणि आख्ख्या गावातल्या बायका टाचांच्या भेगांसाठी ते घेऊन जात. ऊसतोडीला निघणाऱ्या बायांच्या बोचक्यात तो डबा हमखास असायचा. गोळीसाठी नापास झालेलं मेण टाचांना मात्र पहिल्या नंबराने पास होत होतं. माझ्याही टाचा त्या गावात गेल्यापासून सुधारल्या.

मग ते अवघड वर्ष आलं. जवळपास एकही निवडणूक नव्हती. रानडुकरं मात्र उदंड झाली होती. शेजारच्या शिवाजीच्या भुईमुगात त्यांनी दोन संध्याकाळी नांगरल्यासारखी जमीन उकरली. पंधरा दिवसांनी शिवाजी आणि त्याची बायको ऊसतोडीला जाणार होते. त्याआधी शेंगा निघाल्या नाहीत तर मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आईने वर्षभर काय खायचं, हा प्रश्न होता. सगळीकडून हेलपाटे मारून शिवाजीने वनखात्याची परवानगीही आणली आणि दहा-बारा माणसं घेऊन तो आबांच्या ओट्यावर येऊन बसला.

"आबा, कागूद हाय, बंदूक हाय. आता काय ऱ्हायलं?"

"मेन, लेका. मेन न्हाई जमलं."

"बाराव्या वर्षापासून आयकतोय मी हे!" शिवाजी कळवळून बोलला.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. आबांनी आधाराला माझ्याकडे पाहिलं, डबा पुढे केला आणि विचारलं, "बाई, तुमीच सांगा. ओशट का कोरडं?" मी घासून पाहिलं. ना ओशट होतं, ना कोरडं. बोटावरून रेशमासारखं सरकत होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं एवढ्या वर्षांचं काम फत्ते झालं, चारचौघांत कौतुक करावं. "आबा, अगदी जमलंय!" मी म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मास्तरकीची खोड जाते कुठे? त्यांच्यासमोर ओतून ठेवलेली एकुलती एक गोळी उचलली आणि पदराच्या पिनेने तिच्यावर 'बरोबर'ची खूण ओढली, वहीवर करतो तशी. सगळे हसले. आबा माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू भर वर्गात मीच त्यांची कॉपी पकडून दिली होती.

त्याच दिवशी दिवस मावळताना आबा भुईमुगाच्या रानात गेले. "बंदुकीजवळ कुनी यायचं न्हाई," अशी ताकीद देऊन त्यांनी सगळ्यांना लांबच्या बांधावर बसवलं आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ दारू ओतली, गज ठासला. काकू माझ्या शेजारी हात जोडून बसल्या होत्या; कोणासाठी, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने ओढ्याकडून डुकरीण आली. मागे एका ओळीत पाच पिल्लं.

बार असा निघाला, की लिंबावरचे सगळे बगळे उठले. धुराच्या ढगात आबाच दिसेनात. धूर विरला तेव्हा डुकरीण पिल्लांसकट ओढ्यापलीकडे पळत होती आणि आबा खाली बसून खोकत होते.

"लागली का?" शिवाजी धावत गेला.

"न्हाई रं." आबा डोळे पुसत म्हणाले, "मेन लई गुळगुळीत झालं. गोळी निसटली."

गावाने ते वाक्य पुढे वर्षभर पुरवलं. कोणाची गाडी घसरली, कोणाचं लग्न मोडलं, की मेण गुळगुळीत झालं! कोणीतरी मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत नुसता धूर होता, तोही घरोघर पाहिला गेला. पण डुकरं काही दिवस त्या बाजूला फिरकली नाहीत, तेवढ्यात शिवाजीच्या शेंगा निघाल्या. ऊसतोडीला जाताना तो आबांच्या पाया पडला आणि बायकोने मेणाचा डबा मागून घेतला. आबांवर हसायला मीही पुढेच होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

दोन वर्षांनी माझी सोनईकडे बदली झाली. निघताना आबांनी मोठा डबा हातात दिला. "टाचंला लावा. पन पुरवून, बाई. तळाला जायाची घाई न्हाई." मी पुरवून वापरलं. तिसऱ्या हिवाळ्यात गयाकाकूंचा फोन आला, आबा गेले. झोपेतच, काही त्रास न होता. मी जाऊन भेटून आले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली होती, या वेळी कायमची.

त्यानंतर महिनाभराने डब्याच्या तळाशी बोटाला काहीतरी टणक लागलं. खरवडून काढलं, पुसलं. शिशाची गोळी होती. तिच्यावर माझ्या पिनेची 'बरोबर'ची खूण जशीच्या तशी होती.

मी काकूंना फोन लावला. "काकू, तो मेणाचा डबा..." एवढंच मी म्हटलं.

"सापडली व्हय?" काकू म्हणाल्या. "त्या दिशी नुसती दारू अन् चिंधीच ठासली हुती त्यांनी. गोळी खिशात. मला घरी येऊन दावली अन् लेकरावानी हसले. तुमी निगालात तवा म्हनले, बाईंनी बरुबर दिलंय, गोळी बाईंकडंच असू दे."

ती आता माझ्या टेबलावर असते. येणारेजाणारे विचारतात, हे काय आहे म्हणून. मी सांगते, एका म्हाताऱ्या विद्यार्थ्याचा पेपर आहे. तपासताना माझंच चुकलं होतं, पण मार्क बरोबर पडले.