थोरल्याला गाव लाभत नाही

मी निघालो त्या दिवशी आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला पुढच्या दाराने जाऊ दिलं नाही. आमच्या घरी थोरल्याला नोकरीसाठी बाहेर पाठवायचं तर परसदाराने काढतात. पुढून गेलेला माणूस वर्षाच्या आत परत येतो, अशी समजूत. म्हणून मी ट्रंक घेऊन चुलीजवळून, शेणीच्या ढिगाला वळसा घालून बाहेर पडलो. आई रडली नाही. आबा एस्टीपर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "आपल्यात थोरल्याला गाव लाभत न्हाई. मागं बघू नगंस."

यामागची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आबांचे आजोबा भावांत थोरले. त्यांना मुंबईत काम मिळत होतं, पण ते हट्टाने गावीच राहिले आणि एका उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली त्यात गेले. तेव्हापासून थोरल्याने बाहेर पडायचं, धाकट्याने शेत बघायचं. आबा धाकटे, म्हणून गावी. त्यांचा थोरला भाऊ पुण्याला. मी थोरला, म्हणून मुंबई. वसंता धाकटा, म्हणून शेत. हिशोब जुळत होता.

मुलुंडच्या कारखान्यात मला तयार मालाची मापं तपासायचं काम मिळालं. व्हर्नियर लावल्याशिवाय मी एकही पार्ट पास केला नाही; त्यावरून सुपरवायझर वैतागायचे. पण ही घरची गोष्ट मात्र मी जशीच्या तशी पास केली होती. चाळीत, कँटीनमध्ये, कुणी "गाव का सोडलं?" म्हटलं की मी तीच सांगायचो. ऐकणाऱ्याला ती आवडायची. आणि ती सांगितली की मी गाव सोडून आलेला माणूस उरत नसे, पाठवलेला माणूस होत असे. हा फरक मला महत्त्वाचा वाटायचा. लग्नानंतर आमच्या तालुक्याच्या हायस्कुलात गणिताच्या शिक्षकाची जागा निघाली. मला शिकवायला आवडलं असतं. सुशीला, माझी बायको, यायला तयार होती. मी अर्जही केला नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरी रंगीत टीव्ही होता त्या दिवसांतली पुढची गोष्ट. शैला, आमची मोठी मुलगी, नर्स झाली आणि तिला त्याच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. मुंबईतही मिळाली असती, पण तिला तिकडेच जायचं होतं. मी म्हटलं, "तू थोरली आहेस. आपल्यात थोरल्याला गाव लाभत नाही." त्याच आठवड्यात वसंता डोळे दाखवायला आमच्याकडे आला होता. त्याने कप खाली ठेवला.

"हे तुला कुनी सांगितलं, आण्णा?"

"आबांनी. दुसरं कोण सांगणार?"

"मला तर आबा म्हनायचं, धाकट्याला परगाव लाभत न्हाई. मी मिल्ट्रीत जानार हुतो. छाती भरत हुती, उंची भरत हुती. त्येवढ्यासाठी ऱ्हायलो."

सुशीला स्वयंपाकघरातून हसली. "म्हणजे मामंजींनी दोघांनाही बरोबर बसवलं की हो!"

वसंता हसला नाही. मीही नाही. आबांना विचारावं, तर ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिली होती एकटी आत्या, आबांची बहीण, घाटकोपरला मुलाकडे. रविवारी आम्ही दोघं भाऊ शैलाला घेऊन तिच्याकडे गेलो.

आत्या लसूण सोलत होती. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गंजीत जळलं ते थोरलं न्हवतं, मधलं. थोरलं म्हातारं हून खाटेवर मेलं. आन् तुमचा आजा कोन हुता रं? थोरलाच की. कुटं गेला त्यो? थोरल्या दादाला तालमीचा नाद, म्हनून पुन्याला पळाला. कुनी धाडला न्हाई."

आजोबा थोरले होते आणि गावीच राहिले, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी ते कधी या गोष्टीशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

"मग आबा असं का सांगायचे?" मी विचारलं.

"जिमीन दोघांत किती यायची? का त्येला खरंच वाटत आसंल. मला काय ठावं?" मग पाकळी चिमटीत धरून तिने शैलाकडे पाहिलं. "मला सांगितलं हुतं, आपल्यातल्या पोरीला म्हायेर लाभत न्हाई. दोन-दोन वर्सं गेले न्हाई गं मी." आणि ती मोठ्यांदा हसायला लागली, डोळे पुसेपर्यंत.

परत येताना मी मनात आकडेमोड करत होतो. मी शिक्षक झालो असतो, वसंता सुभेदार झाला असता. पण मग सुशीला, शैला, वसंताची माणसं, यातलं काय राहिलं असतं आणि काय गेलं असतं? उत्तर येईना. आबांवर रागवावं तर राग धरवेना, कारण त्या गोष्टीनेच मला पहिली वर्षं या शहरात टिकवलं होतं.

घरी आल्यावर शैलाने विचारलं, "बाबा, मग मी जाऊ की नको?"

"तुझं तू ठरव."

"असं नका ना म्हणू. तुमच्यापाशी निदान गोष्ट होती. उद्या माझं चुकलं तर मी बोट कुणाकडे दाखवू?"

मी म्हणालो, "नाही करमलं तर परत ये." हे वाक्य आमच्या घरात याआधी कुणी कुणाला म्हटलेलं नसावं.

ती गेली. तिला तिथे करमलं. दिवाळीत आली तेव्हा शेजारच्या जोशीकाकूंना सांगत होती, "गावात सगळे म्हणतात, थोरल्यांचा वंश बाहेर पडत गेला ना, म्हणून देवीनेच मला बोलावून आणलं. माझी ऑर्डर निघाली तो वारही देवीचा, काकू!"

वार देवीचा नव्हता. ऑर्डर मी स्वतः पाहिली होती. आत्याकडे सगळं ऐकलेली ही मुलगी, आणि हिच्या तोंडी ही नवीन गोष्ट! चूक दाखवावी म्हणून मी खुर्चीतून उठलोही. पण तिचा चेहरा खुलला होता. ती पाहुणी म्हणून तिथे राहत नव्हती, बोलावलेली म्हणून राहत होती.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला मी विचारतो: अशा गोष्टी काढून घेतल्या तर आपल्या हाती घर म्हणून काय उरतं? चार भिंती मला मोजता येतात. पुढचं येत नाही.

मी पुन्हा बसलो आणि म्हणालो, "शैला, पहिल्यापासून सांग. देवीने कसं बोलावलं?"