शुक्रवारचा आयतार

विमान दोह्यावर उतरायला लागलं आणि मी खिडकीला नाक लावलं. वाळवंट बघायला निघालेली बाई मी, आणि खाली दिसतंय काय, तर डबकी! रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत, जिथे तिथे तपकिरी पाणी साचलेलं. शेजारचा प्रवासी म्हणाला, तीन दिवस पाऊस लागलाय, शहरात टँकर लावून पाणी उपसतायत. मार्चमध्ये पाऊस! माझी वसईतली वाडी कोरडीठाक, आणि इथे बघा.

माझ्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. एक माझं, एक आईचं. बाबा गेले, त्यांची महिन्याची मिसा (चर्चमधली प्रार्थना) झाली आणि ऑक्टोबरात माझी धाकटी बहीण रिटा आईला इकडे घेऊन आली. दोन महिन्यांसाठी म्हणून. दोनाचे पाच झाले. फोन केला की आई म्हणायची, "बघू गं, फिलू." ईस्टर तोंडावर आला तरी बघूच. शेवटी म्हटलं, आता आपणच जाऊ आणि घेऊनच येऊ. ईस्टरला आई घरात नाही, हे मला चालणार नव्हतं.

रिटा इथे एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिचा नवरा आल्बर्ट वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात. राहतात शहराच्या उत्तरेला अल दुहैलमध्ये, एकसारख्या पांढऱ्या घरांच्या कंपाउंडात. दार आईनेच उघडलं. मी बघतच राहिले. अंगावर फुलाफुलांचा गाऊन, पायात मऊ सपाता, गाल वर आलेले. माझ्याकडे होती तेव्हा चार घास खाताना मिनतवाऱ्या करायला लागायच्या.

"बारीक झालीस," आई मला म्हणाली.

"आणि तू जाड झालीस," मी म्हटलं. बोलताना मी हसले, पण मला ते झोंबलं होतं.

मी सुकेळी (उन्हात वाळवलेली आमची वसईची केळी) नेली होती. आईला जीव की प्राण. रिटाने पुडी घेतली, "वा, ताई!" म्हणाली आणि फ्रिजवर ठेवून दिली. आईने माझ्यापुढे खजुरांची बशी सरकवली. "खाऊन बघ, इथले फार छान असतात." इथले! पाच महिन्यांत बाई इथली झाली. मागच्या अंगणात चार हात जागेत तिने मेथी, मुळा, कोथिंबीर लावली होती. माती विकत आणलेली, पिशवीतली. तरी मेथी माझ्या वाडीतल्यापेक्षा दाट. सरळ सांगते, मी जळले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी रिटाची नऊ वर्षांची मुलगी एंजल उड्या मारत आली. "Get up, Maushi! It's Aaytaar!"

आयतार म्हणजे आमच्याकडे रविवार. मी म्हटलं, "अगं, आज शुक्रवार."

आई आतून ओरडली, "बरोबर सांगतेय ती. इथे शुक्रवारी आयतार असतो."

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी ऑफिसं, शाळा, सगळं चालू. म्हणून मोठी मिसा शुक्रवारी. आम्ही शहराबाहेरच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) गेलो. भल्यामोठ्या आवारात वेगवेगळ्या पंथांची देवळं, बाहेरून कुठे क्रूस नाही, फाटकावर तपासणी. आत मात्र जत्रा! मल्याळी, फिलिपिनो, गोवेकर, श्रीलंकन, सगळे चिखलाचे बूट पुसत रांगेत उभे. आई त्या गर्दीत सराईतासारखी चालत होती. चार बायकांनी तिला "हॅलो, ममी" केलं. माझी ओळख तिने काय करून दिली, तर "रिटाची मोठी बहीण." बेचाळीस वर्षं मी फिलू होते, इथे रिटाची बहीण झाले.

घरी आलो आणि जेवायला बसलो. ताटात कोंबडी! आमच्या मसाल्यातली, लालभडक, आईच्या हातची. मी हात मागे घेतला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी आम्ही मांस खात नाही.

"आई, उपासकाळ चालू आहे. शुक्रवार आहे आज."

"आयतार आहे," आई म्हणाली. "मांस मी बुधवारी सोडते. या घरात तसंच ठरवलंय. जेव."

मी सात-आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. उपासकाळातल्या एका शुक्रवारी शेजारच्या घरी कोंबडीचा एक तुकडा तोंडात टाकला होता. याच बाईने मला दारातच थोबाडीत मारली होती आणि चूळ भरायला लावली होती. आणि आता रिटाच्या सुट्टीसाठी देवाचा वारसुद्धा हलवला! मी ताटावरून उठले नाही, पण कोंबडी खाल्ली नाही. नुसता भात आणि मुळ्याची कोशिंबीर खाल्ली. मुळाही तिनेच लावलेला होता, त्याला काय करणार.

"ताई, हे काय गं?" रिटा म्हणाली.

"तुमचा आयतार तुम्हाला लखलाभ," मी म्हटलं, आणि दोन तिकिटं टेबलावर ठेवली. "आई, सोमवारी निघायचंय."

आईने तिकिटं उचलली, पुसल्यासारखा हात फिरवला आणि परत ठेवली. "उद्या उत्तरेला जायचं ठरलंय ना? तिथून येऊ, मग बोलू."

शनिवारी आल्बर्ट आम्हाला गाडीने उत्तरेला घेऊन गेला. तासभर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट माळ. पण पावसाने माळाचा रंग बदललेला. इथे रौदा म्हणतात (पावसाचं पाणी साचून हिरवळ येते ती सखल जागा), तशा जागी पोटरीइतकं गवत, मध्येच जांभळी, पिवळी, बारीक फुलं. कतारी कुटुंबं तंबू ठोकून चहा करत बसलेली. आल्बर्ट म्हणाला, वसंत इथे असाच येतो, रेंगाळत. एक सर पडली की थोडा, दुसरी पडली की आणखी थोडा. आई काच खाली करून वास घेत होती.

गवतावर गाडी घालायला बंदी आहे, म्हणून आल्बर्टने एका शेताच्या भिंतीलगतची कच्ची वाट धरली. शंभर पावलं गेलो असू. गाडी डावीकडे कलली आणि चाक जागेवरच गरगरलं. आल्बर्टने जोर लावला तसं ते आणखी रुतलं. रिटा खाली उतरली आणि तिचा पांढराशुभ्र बूट घोट्यापर्यंत आत. "ओ गॉड! ताई, धर मला!"

मला मेलीला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"बंद कर गाडी," आई आल्बर्टला म्हणाली. तिने सपाता काढून मागच्या सीटवर ठेवल्या, साडी खोचली आणि अनवाणी उतरली. मी तिच्यामागोमाग. आम्हा दोघींना एकमेकींना काही सांगायला लागलं नाही. वाडीत पाटाचं पाणी फुटलं की भाजीची गाडी रुतायची, तेव्हा बाबा हाक मारायचे आणि आम्ही दोघी पळायचो. ती हाताने चाकापुढचा चिखल उपसायला लागली. मी भिंतीलगत पडलेल्या खजुराच्या सुक्या झावळ्या ओढून आणल्या, मोडल्या, चाकाखाली दाबल्या. रिटा एंजलला घेऊन बाजूला उभी होती, आणि आई माझ्याजवळ, कोपरापर्यंत माखलेली. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझी आई माझी होती.

"घरी चल ना, आई," मी वाकलेलीच म्हटलं. "ईस्टरला तू नाहीस तर काय उरलं?"

तिने मान वर केली नाही. "ईस्टरला तुझे बाबा देवळातून पेटती मेणबत्ती आणायचे. अख्ख्या वाडीतून, हाताचा आडोसा धरून. मी दारात उभी असायची, वारा आला की माझा जीव वरखाली. यंदा त्या दारात उभी राहून मी कुणाची वाट बघू, फिलू?"

मी आणखी एक झावळी चाकाखाली दाबली. "मेणबत्ती मी आणीन," मी म्हटलं.

"आण. पण मला दारात उभी करू नकोस. ईस्टर होऊ दे, मी आंब्यांना येते. इथे त्यांचं काहीच नाही गं, म्हणून मला घास जातो. तिथे खुंटीवर त्यांची टोपी आहे." मग तिने चिखलाच्याच हाताने माझा हात दाबला. "तू रोज ती टोपी बघतेस. मला माहीत आहे."

इतक्यात मागून एक जीप आली. पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा कतारी उतरला आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा, तुम बैठो, हम खींचेगा."

"जरूरत नहीं," आई म्हणाली. "आल्बर्ट, यल्ला!"

आल्बर्टने गाडी हळू सोडली, झावळ्या करकरल्या आणि चाक वर आलं. आईने हात झटकले. "खलास!"

म्हातारा पोट धरून हसला. "अम्मा, किसने सिखाया?"

"मेरा आदमी," आई म्हणाली. "हमारे घर में भी बहुत चिखल है."

"झावळ्यांचा आयतार लवकर केलात, आई," आल्बर्ट म्हणाला (ईस्टरच्या आदल्या रविवारी आम्ही देवळात झावळ्या घेऊन जातो), तेव्हा कुठे आम्ही सगळे हसलो.

रविवारी पहाटे जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. स्वयंपाकघरात दिवा होता. दारातून पाहिलं. आई देवळात जायची काठाची साडी नेसून, केसांचा अंबाडा घालून, खुर्चीवर ताठ बसली होती. हातात रोझरी (जपमाळ). घड्याळात पाच. घरात सगळे झोपलेले, थोड्या वेळाने ऑफिसला आणि शाळेला जाणारे.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"कुठे नाही. गावात साडेसात झाले. मिसा लागली असेल." तिने शेजारची खुर्ची सरकवली. "शुक्रवारचा त्यांचा. हा तुझा. आल्यापासून एकही चुकवला नाही."

मी गाऊनवरच बसले. रोझरी संपल्यावर तिने फ्रिजवरची पुडी काढली. अर्धी संपलेली होती. दोन सुकेळी काढून एक मला दिलं. "रिटाला सांगू नकोस. तिला वाटतं मला खजूर आवडतात."

सोमवारी मी एकटीच विमानात बसले. दुसरं तिकीट पर्समध्येच राहिलं.

घरी येऊन आज पहिला शुक्रवार. साडेबारा वाजले, म्हणजे तिकडे दहा, मिसेची वेळ. मी काठाची साडी नेसले, खुंटीखाली खुर्ची ओढली आणि रोझरी घेऊन बसले. नवरा वाडीतून आला आणि दारातच थांबला.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. आयतार आहे."

"शुक्रवारी?"

मी रोझरीचे मणी ओढत राहिले. मिसा संपेपर्यंत बसले, मग उठून त्याला वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. तिकडे देवळातून परतून ते तिघं आता आईच्या हातची कोंबडी ओरपत असतील. मी जळले, पण पोटभर जेवले.