विसावलेल्या रबराला न फसलेल्या भगत मॅडम

भगत मॅडमची आणि माझी पहिली भेट दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात झाली, तीही माझी खरडपट्टी चालू असताना. कपाशीचे ते पडते दिवस होते. एकेक जिनिंग बंद पडत होती. सरकीपासून कापूस ओढून काढणाऱ्या यंत्राचे रोलर मी बनवत असे, रबर आणि सुती कापडाचे थर एकत्र दाबून. ते हंगामाच्या मध्यातच फाटू लागले होते.

"सकाळी पाहावं तं चांगला दिसते, दुपारी फाटते! तुह्या रोलरात भूत हाये काय?" जिनिंगचे मालक सेठ माझ्यावर कडाडले. सगळे रोलर परत आले असते, तर माझा कारखाना आणि आठ कामगारांचं काम दोन्ही संपलं असतं.

यवतमाळच्या कॉलेजातून विद्यार्थ्यांना यंत्रं दाखवायला आलेल्या मॅडमनी विचारलं, "तपासता केव्हा?"

"सकाळी, चालू करायच्या आधी. सारेच तसं करतेत," सेठ म्हणाले.

"मग फसणारच. रात्रभर दाब नसला की रबर विसावतं, धड दिसतं. आतल्या चिरा तशाच राहतात."

चिरा दिसत नसल्या तरी त्यांच्यामुळे रोलर किती नरम पडला हे मोजता येतं, त्यावरून तो किती टिकेल याचं गणित मांडता येतं, हे मॅडमनी समजावलं. मग दर रविवारी त्या काही विद्यार्थ्यांना घेऊन एसटीने येत आणि यंत्र थांबताच तापलेल्या रोलरचं माप घेत.

पहिला अंदाज सपशेल चुकला. टिकेल म्हटलेला रोलर चौथ्याच दिवशी फाटला. मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या, "गणित माझं चुकलं." फाटण्याआधी मला घरघर ऐकू येते, असं मी चाचरत सांगितलं. विद्यार्थी हसले. मॅडमनी वही पुढे केली, "भाऊ, केव्हा ऐकू येते ते लिहा." घरघर रोलर फार तापला की सुरू होई, गणितात उष्णता कमी धरली गेली होती. त्यांनी ते पहिल्यापासून मांडलं आणि दुपारी यंत्र थंड करायला सांगितलं.

"मॅडम, गाड्या रांगेत उभ्या हायेत अन् तुम्ही यंत्र थांबवाले सांगून राह्यल्या?"

"अर्धा तास थांबवा सेठजी, नाहीतर हंगामभर थांबाल."

सेठ धुसफुसले, पण थांबले. पुढचे रोलर हंगामाच्या शेवटापर्यंत टिकले. मॅडमच्या शोधनिबंधावर त्यांच्याशेजारी माझं, सातवी पास माणसाचं नाव आलं. "कान तुमचे होते," एवढंच त्या म्हणाल्या.

मॅडमना साठावं वर्ष लागलं. त्यांनी शंभरी गाठावी, प्रकृती ठणठणीत राहावी आणि आमची चूक तोंडावर सांगण्याची धमकही! त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराला आमचे आठही कामगार येणार आहेत. मात्र सकाळची पाळी पुरी करून. तसा मॅडमचा हुकूमच आहे.