पिल्लाला कोण चारतंय

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी पोरांच्या बाह्यांकडे बघण्यात घालवली. बाही उगाच खाली ओढलेली दिसली की मनगटावर पाढा लिहिलेला असणार, हे मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दूधवाला जास्त हसला की मी दूध बोटावर घेऊन बघते. शेजारी तब्येत विचारायला आला की आता हा काय मागणार, याची वाट बघते. माझी बहीण म्हणते, तुला देव भेटला तरी तू त्याचं आधारकार्ड मागशील. मागेन की. हल्ली कुणाचंही सोंग घेऊन येतात लोक.

शहापूर तालुक्यात, शेणवा गावाच्या पुढे ओढ्याला लागून माझं घर आहे, मागे दीड एकर जमीन. भात निघालं की तिथं मी भेंडी करते. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी मोटारीची वायर कापून नेली. पोलीस पाटील येऊन चहा पिऊन गेले, वायर काही मिळाली नाही. माझा संशय ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीवर होता. पुरावा काय, तर काहीच नाही. पण आमच्या गावात काही हरवलं की सगळ्यांच्या माना आधी तिकडे वळतात, आणि माझीही वळली. त्याच वाडीतली पोरं मी वर्षानुवर्षं घरोघर फिरून शाळेत आणली होती, तरी वळली. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

राखणीला कुत्रा हवा, असं मी बोलून दाखवलं, आणि नवरात्रात पिल्लू आलं ते वाडीतूनच. माझ्या शेतावर कामाला येणारी बाई ते पदरात गुंडाळून घेऊन आली. चाळीस दिवसांचं, पिवळट, पोट टम्म.

"वीस नखांचा हाय बाई," ती म्हणाली. "मोजून घ्या."

मी खरंच मोजली. प्रत्येक पंजाला पाच, वीस भरली. आमच्याकडे वीस नखांचा कुत्रा राखणीला चांगला मानतात, आणि टाळू काळा असला तर उत्तमच. शेजारच्या काकांनी येऊन त्याचं तोंड उघडून टाळू बघितला, मग मानगुटीला धरून हवेत उचललं. पिल्लू रडलं नाही, नुसतं काकांकडे बघत लोंबकळत राहिलं. "कुईकुई करत नाय. म्हंजे तिखट निघंल," काका म्हणाले.

काका गेल्यावरही ती बाई उंबऱ्याशी घुटमळत होती. मला वाटलंच, फुकट कोण काय देतं! पण तिनं मागितलं ते वेगळंच होतं. "यंदा भट्टीवर नाय जायाचं बाई. होळीपावतर तुमी काम दिलं तं आमी हितंच ऱ्हातो. पोरगी चौथीला हाय."

दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि वाडीतली घरंच्या घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरं सोबत जातात आणि शाळा तिथंच संपते. नोकरीत असताना दर वर्षी मी त्या ट्रकपुढे उभी राहून हात जोडले होते. इथं एक आई स्वतःहून राहते म्हणत होती. मी लगेच शब्द दिला. भेंडीचं सगळं काम तुझं, ट्रकवाल्याला नाही म्हणून सांग.

पिल्लाचं नाव काही ठेवलं नाही. नावापेक्षा नोंद महत्त्वाची. शाळेतली एक कोरी वही काढली, रेघा मारल्या आणि दर रविवारी वजन घ्यायला सुरुवात केली. म्हसा गावच्या जत्रेत घेतलेला ताणकाटा होता भेंडी तोलायचा. पिल्लाला बाजाराच्या पिशवीत घालायचं, पिशवी आकड्याला अडकवायची आणि ते हलायचं थांबेपर्यंत दम धरायचा. पहिल्या रविवारी दोन किलो शंभर ग्रॅम. पुढच्या खान्यात स्वभाव: "झोपाळू. चप्पल पळवतं. रागावलं की खाली बघतं, पण चप्पल सोडत नाही." विद्यार्थी म्हणून मला ते आवडायला लागलं होतं, पण तसं मी दाखवलं नाही.

शिक्षण एकच द्यायचं ठरवलं होतं. परक्या हातचं खायचं नाही. चोर आधी कुत्र्याला भाकर टाकतो, मग कुलपाला हात घालतो. म्हणून मी दूधवाल्याला, काकांना, पोस्टमनला एकेक करून भाकरीचा तुकडा द्यायला लावायची. आत लाल मिरचीचं वाटण. पिल्लू खायचं, शिंकायचं, पाण्याकडे धावायचं. मग मी माझ्या हातानं दूधभात द्यायची. पोस्टमन म्हणाले, "बाई, त्याला काय शिकवताय, मला बघून पळायला?" मी म्हटलं, तेच. दोन आठवड्यांत ते कुणी हात पुढे केला की मागे सरकायला लागलं. वहीत मी "समाधानकारक" असं लिहिलं.

तिसऱ्या रविवारी काटा तीन किलोच्या पुढे गेला. एका आठवड्यात सातशे ग्रॅम! मी दोनदा तोललं. मी देत होते सकाळी दूधभात आणि संध्याकाळी अर्धी भाकर, तीही ते आताशा अर्धवट टाकायचं. न खाता वजन वाढतं ते फक्त माझं. म्हणजे त्याला कुणीतरी चारत होतं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. पिल्लू मागच्या पडवीत बांधलेलं असायचं. मी जेवून तासभर आडवी होते, तेवढीच वेळ सापडणार होती कुणाला. एक दिवस उठून मागे गेले तर पिल्लाजवळ जमिनीवर एक ओला गोळा पडलेला. काडीनं उलगडून बघितला. अर्धवट भिजलेल्या नाचणीच्या भाकरीचे तुकडे आणि खेकड्याची नांगी. माझ्या घरात खेकडा शिजत नाही. पिल्लानं खाऊन ओकलं असणार, म्हणजे आज नुसतं खाणं आहे, उद्या त्यात विष असेल. त्या जिवाला काही झालं तर, या विचारानं डोळ्यांत पाणी आलं, आणि मग रागच आला.

खेकडे कोण धरतं? वाडीतली माणसं ओढ्यात धरतात. वाडीतलं कोण माझ्या पडवीपर्यंत येतं? एकच जण. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खिडकीशी उभी राहिले. काम आटोपून ती बाई पाणी प्यायला मागे आली, पिल्लापाशी उकिडवी बसली आणि हात पुढे केला. दूधवाल्याला बघून मागे सरकणारं माझं शिकवलेलं पिल्लू शेपटी हलवत तिचा तळवा चाटायला लागलं.

मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं. "आदी कुत्रा आपला करतात बाई, मंग घर," ते म्हणाले. माझ्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून आलं, म्हणून मला ते खरं वाटलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती बांधावर गवत काढत होती, शाळेला सुट्टी म्हणून पोरगीही सोबत होती. आजूबाजूच्या शेतांत कापणीची माणसं होती. मी तिथंच उभी राहून बोलले, आणि वर्गात बोलतात तशा आवाजात बोलले. माझ्या कुत्र्याला काय चारतेस? कशासाठी चारतेस? वायर गेली तेव्हाही तूच येत होतीस ना कामाला? उचलली जीभ लावली टाळ्याला. शेजारच्या शेतातले विळे थांबले.

ती उभी राहिली. "मी काय नाय चारलं बाई. माज्या घरी जल्मला तो, वळखतो मला."

"मग खेकडा कुठून आला?"

"मला काय ठावं?"

"उद्यापासून येऊ नकोस," मी म्हटलं.

तिनं विळा बांधावर ठेवला, माझाच होता तो, आणि ओढ्याकडे चालू लागली. भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मी गेटपर्यंतही गेले नाही. नंतर काकांनी सांगितलं, तीही गेली, नवरा आणि पोरगीसकट. मी वहीत लिहिलं, "आता वजनावर लक्ष ठेवणे."

ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी झोपून उठले, मागे गेले, तर पिल्लापुढे ओला गोळा. खेकड्याचं कवच.

मी तिथंच पायरीवर बसले. वाडीत आता चार म्हातारी माणसं सोडली तर कुणी नव्हतं. ती बाई भिवंडीला पोचलेली. मग हे कुणाचं?

त्यानंतरच्या दुपारी मी झोपले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार बोटभर उघडं ठेवून स्टुलावर बसले. दोनच्या सुमारास कुंपणाच्या काट्यांखालून एक पिवळी कुत्री पोटावर सरपटत आत आली. बरगड्या दिसत होत्या, आचळं लोंबत होती. ट्रकमध्ये कुत्र्यांना कोण घेतं! पिल्लू तिच्या तोंडाशी उड्या मारायला लागलं, तिचे ओठ चाटायला लागलं. कुत्रीनं मान खाली घातली, दोनदा पोट आवळलं आणि खाल्लेलं सगळं पिल्लापुढे ओकलं. पिल्लानं ते गरम गरम खाल्लं. ती स्वतः बाजूला बसून बघत राहिली आणि मग आली तशीच निघून गेली.

शहापूरच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. दूध आटलं की कुत्र्या असंच चारतात पिल्लांना, म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं? नव्हतं माहीत. छत्तीस वर्षं शिकवत होते, माहीत नव्हतं.

तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे होता. संध्याकाळी लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. फोन तिच्याकडे गेला तेव्हा मी कुठलीही प्रस्तावना केली नाही. "मी चुकले गो. त्याची आई येऊन चारत होती. मी डोळ्यांनी बघितलं."

पलीकडे ट्रॅक्टर थांबला.

"परत ये. मुकादमाशी मी बोलते. भेंडी लावायचीय."

"नाय बाई."

"अगो, माफी मागतेय मी तुझी."

"मागता, पन फोनात मागता," ती शांतपणे म्हणाली. "बोल्लात ते बांधावर बोल्लात. समद्यांनी आयकलंय. उद्या कुनाचं काय बी गेलं तं माज्याच दारात येतील."

उद्याच बांधावर जाऊन सगळ्यांसमोर सांगते, असं मी म्हटलं. ती "सांगा" म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, भरवसाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी सांगितलंही. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि भारा बांधायला घेतला.

पण त्या फोनवर मला अजून एक विचारायचं होतं. "पोरगी कुठाय?"

"हाय ना हितंच. विटा उलटवते."

"दे जरा तिच्याकडे."

फोन हातातून हातात गेला. श्वास ऐकू आला, दमलेला. तिथल्या जवळच्या शाळेचं नाव विचारून ठेव, मी तिथल्या गुरुजींना फोन करते, असं मला तिला सांगायचं होतं. मी नुसतं तिला हाक मारली. माझा आवाज ओळखल्याबरोबर ती घाईघाईनं म्हणाली, "बाई, मी काय नाय घेतलं."