त्यांनी न दिलेलं मत

माझे यजमान भूगर्भशास्त्रज्ञ होते. जमिनीखालचं तेल शोधणं हे त्यांचं काम, आणि त्यातली बरीच वर्षं आसामच्या एका जंगलात गेली. मी ते जंगल पाहिलेलं नाही. मी तेव्हा गावातल्या क्वार्टर्समध्ये मुलीला घेऊन राहायचे. निवृत्तीनंतर आम्ही बेंगळुरूला, मल्लेश्वरमला आलो, कारण मुलगी इथे होती आणि धाकटे दीर बनशंकरीला. गेल्या वर्षी यजमान गेले. जाण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट सांभाळायला सांगितली. ती घरच्याच माणसांपासून सांभाळायची होती.

ते जंगल आता संरक्षित आहे. त्याच्याखाली तेल आहे हे ज्यांनी पहिल्यांदा सांगितलं, त्यांत हे होते. आता ते काढायचं का, यावर वाद सुरू झाला होता. जंगलात पाऊल न टाकता, हद्दीबाहेरून तिरकी विहीर खोदत खाली पोचायचं, असा प्रस्ताव होता. त्यासाठी नेमलेल्या समितीने तिथे काम केलेल्या जुन्या माणसांची मतं मागवली. यांनाही विचारणा झाली. तेव्हा हे अंथरुणाला खिळले होते. यांनी उत्तर दिलं नाही.

उत्तर द्यायला घरात दोन माणसं तयार होती. मुलगी वकील आहे, जंगलांसाठी लढणाऱ्या एका संस्थेत. दीर होसकोट्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. रविवारी दोघं जेवायला यायचे, आणि यांच्या खोलीत, पलंगाच्या दोन बाजूंना ताटं घेऊन बसायचे.

"तू इथवर आलीस ती कशाने?" दीर विचारायचे.

"बसने, काका."

"बस काय उदबत्तीवर चालते? तेल आपण आणतोच आहोत. ज्यांच्याकडून आणतो, त्यांच्याकडे झाडं नाहीत, पाखरं नाहीत? आपलं जंगल तेवढं पवित्र, आणि दुसऱ्याचं काय वाटेल ते होवो."

"दुसऱ्याचं गेलं म्हणून आपलंही घालवायचं?"

"घालवतंय कोण? हद्दीबाहेरून तिरकं जायचंय. वरचं पान हलणार नाही."

"पान नाही हलणार. पाणी हलेल. बाहेर रात्रंदिवस दिवे आणि जनरेटर असतील. जनावरांना तुमची हद्द वाचता येते का?"

"अण्णा, तूच सांग हिला."

"बाबा, तुम्ही सांगा यांना."

हे दोघांकडे आळीपाळीने बघायचे आणि म्हणायचे, "भात गार होतोय."

मला वाटायचं, थकले आहेत म्हणून बोलत नाहीत. मग एका पहाटे यांनी मला उठवलं. खिडकी उघडायला सांगितली. बाहेर दूधवाल्याची सायकल, समोरच्या देवळातली घंटा, एवढंच होतं. हे कान देऊन पडून राहिले. मग हळूहळू बोलू लागले.

तेव्हा तेल शोधायला जमिनीत लहान भोकं पाडून त्यांत सुरुंग लावायचे. त्याचा हादरा खाली जातो, थरांवर आपटून वर येतो. तो टिपणारी उपकरणं इतकी नाजूक, की माणूस चालला तरी नोंद बिघडते. म्हणून सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. त्या जंगलात हुलॉक असतात, बिनशेपटीची माकडं. नर आणि मादी रोज सकाळी मिळून गातात, एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने उचलायचं. कँपजवळ अशी एक जोडी होती. त्यांचं गाणं संपेपर्यंत हे पहिला सुरुंग उडवू देत नसत.

"तेवढी सभ्यता आम्ही पाळली," हे म्हणाले.

मग एके दिवशी सकाळी एकच आवाज आला. त्याने सुरू केलं, आणि मध्ये जागा सोडली. दुसऱ्या आवाजाची जागा. ती रिकामीच राहिली. त्याने पुन्हा सुरू केलं. मोसम संपेपर्यंत तो रोज तसाच गात होता, प्रत्येक वेळी जागा सोडत.

"तुमच्या सुरुंगांनी झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही. बिबट्याने नेली असेल. आजारी असेल. पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी जन्मात काही बोललो नाही." मग म्हणाले, "विहिरी नकोत म्हटलं तर मी आयुष्यभर काय केलं? हव्यात म्हटलं तर तो रोज सकाळी येऊन बसतो. मला ठरवता आलं नाही. मी गेल्यावर माझ्या नावाने कोणाला ठरवू देऊ नकोस."

मी हो म्हटलं. त्यानंतर आठवडाभरात ते गेले.

दहाव्याला आम्ही शहराबाहेर एका तळ्याकाठी गेलो. क्रिया दिरांनी केली. पिंड मांडले, आम्ही मागे सरलो. कावळे होते. कुंपणाच्या तारेवर ओळीने बसले होते, पण एकही खाली येईना. गुरुजी बेळगावकडचे, बोलताना अर्धं कन्नड. "अक्का, स्वल्प अजून मागे या," ते म्हणाले. "कावळासुद्धा इथलाच. सिग्नलला अडकला असेल." कोणीतरी हसलं. ऊन वर आलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "जिवाचं काही राहिलं असेल. घरच्यांनी बोलून टाका."

दीर हात जोडून पुढे झाले. "अण्णा, तुझ्या नकाशांचं चीज होईल. तुझा जुना अहवाल मी समितीला पाठवतो. विहिरी होतील."

कावळे जागचे हलले नाहीत.

मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "बाबा, मी समितीसमोर बोलणार आहे. तुम्हाला शेवटी काय वाटत होतं ते मी सांगेन. त्या जंगलाला कोणी हात लावणार नाही."

"त्याला काय वाटत होतं ते तुला सांगितलं त्याने?" दीर तिच्याकडे न बघता म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं?"

पिंडांसमोर दोघं रविवारसारखी उभी होती, फक्त मध्ये पलंग नव्हता. दीर माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही जवळ होता. तुम्हीच सांगा."

मला सगळं सांगता आलं असतं. मुलीला ते हवंच होतं. तो एकटा आवाज तिने समितीसमोर असा मांडला असता की कोणाला उत्तर सुचलं नसतं. तिची बाजू मलाही पटते. मी पुढे गेले आणि यांना म्हणाले, "तुमचं नाव कोणी घेणार नाही. या बाजूने नाही, त्या बाजूने नाही."

आम्ही वाट पाहिली. एक कावळा तारेवरून उडाला तो तळ्यापलीकडे निघून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. "सरी," ते म्हणाले, "झालं."

दिरांनी अहवाल पाठवला नाही. येणंही कमी केलं. मला मात्र पहाटे जाग येऊ लागली. जो आवाज मी कधी ऐकला नाही, तो मला कुठून ओळखू येणार? तरी खिडकीशी कोणीतरी सुरुवात करतं, आणि मग थांबतं. ते थांबणं मला ऐकू येतं. मी उठून चहा ठेवते. दोन कप पाणी जातं, मग अर्धं ओतून टाकते.

समितीची बैठक ऑनलाइन होती. मुलगी आमच्याच घरून, यांच्या टेबलावरून बोलली. मी दाराशी उभी होते. ती चांगलं बोलली, पाण्याबद्दल, हत्तींच्या वाटांबद्दल. मग एका सदस्याने विचारलं, "तुमच्या वडिलांनी तिथे काम केलं होतं ना? त्यांचं या बाबतीत काय मत होतं?"

तिने पडद्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही.

"त्यांनी मत दिलं नाही," ती म्हणाली.

निर्णय अजून आलेला नाही. त्या संध्याकाळी मी तिला ते सगळं सांगितलं, सुरुंग, ती जोडी, ती सोडलेली जागा. ती ऐकत राहिली. रडली नाही.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू समितीला सांगितलं असतंस."

बापासारखीच तिलाही खोटं बोलायची सवय नाही.

"हो," ती म्हणाली.