चिक्कीच्या काट्यावरची झोळी

पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या: जड ओझं उचलणं आणि जमिनीवर झोपणं. म्हणजे ट्रेकच बंद की! आमचा बायकांचा ग्रुप दिवाळीनंतर गडाखालच्या पठारावर मुक्कामाला निघणार, आणि मी मेली लोणावळ्यात चिक्की विकत बसणार? जिवाची नुसती तगमग व्हायची. मग कुणीतरी म्हणालं, दोन झाडांना बांधायची हलकी झोळी मिळते, हॅमॉक म्हणतात, त्यात झोप. झालं, माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

एक मागवली, परत केली. दुसरी मागवली, तीही परत. येईल ती झोळी मी दुकानातल्या चिक्कीच्या काट्यावर टाकायची, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. आमचे हे वैतागायचे. "अगं, काटा सोड! मुली बघितल्यासारख्या झोळ्या काय बघतेस?"

"तुमची पाठ नाही ना दुखत!"

एक रुंद झोळी मनात भरली होती, पण वजनाला जास्त. शेवटी मुठीत मावेल अशी पातळ, अरुंद झोळी ठेवून घेतली. आमचा धंदाच वजनाचा, काटा सांगेल ते खरं.

इथंच जवळ औंढ्याला यांच्या मित्राच्या शेतात ती आंब्याला बांधून पाहिली. आडवी झाले आणि केळ्यासारखी वाकले. पाठ सपाट पडायला तिरकं व्हावं, तर तेवढी जागाच नाही. कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. बांधावरून जाणारी एक मावशी थांबली. "बाय, झोळीत निजायला लेकरू हायेस व्हय?" मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. संपलं आपलं भटकणं, असं वाटलं. हे झोळीच्या गाठी सोडू लागले.

घरी येऊन मी भरून ठेवलेली सॅक रागानं उलटी केली. कपडे पडले, बाटली पडली आणि धपकन पडला चिक्कीचा डबा. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची, सगळ्या ग्रुपला पुरेल एवढी. चिक्कीवाल्यांच्या घरातलं माणूस रिकाम्या हातानं कुठं जात नाही, हे सासूबाईंनी लग्नानंतर लगेच अंगवळणी पाडलेलं. मी कापडाशी भांडत बसले आणि हा डबा एकदाही काट्यावर ठेवला नव्हता. यांनी दुकानात नेऊन ठेवला. त्यापुढे दोन झोळ्यांतला फरक म्हणजे काहीच नव्हता.

"डबा राहू दे घरी," हे म्हणाले. "आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

कसलं! सासूबाईंनी डबा पाठवून मला घरी ठेवलं असतं. तरी रुंद झोळी पुन्हा मागवली आणि डबा फळीवर ठेवला. ठेवताना हात जड झाला.

पठारावर सॅक उतरवते न उतरवते तोच सगळ्या ओरडल्या, "चिक्की काढ!"

"नाही आणली. या वेळी नुसती मी आलेय."

तोंडं उतरली एकेकीची. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की चहा होईपर्यंत उगाच सॅक चाचपत राहिले. मग झोळी बांधली, तिरकी झाले आणि पाठ सपाट पडली.

सकाळी एक मैत्रीण मला हात द्यायला धावत आली. ऑपरेशननंतर तिनंच मला कितीदा हात धरून उठवलं होतं. मी पाय खाली सोडले आणि उभी राहिले. तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"उठलीस की गं!" ती म्हणाली.